दाजींची सही

दाजी खांद्यावर चित्र काढायचं ईझल टाकून गल्लीत शिरले की खिडक्या पटापट लागायच्या. आधी शिंप्याची, मग त्याच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंची, मग समोरच्या बेकरीची. भर दुपारी, उकाड्यात. नवख्या माणसाला वाटावं, गावात पिसाळलेलं कुत्रं सुटलंय. आणि येत कोण असायचं? माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. पाप्याचं पितर, शर्टाच्या कोपराला हिरवा रंग, आणि भेटेल त्याला “काय, बरं आहे ना?” म्हणून विचारणारा. हाच प्रश्न लोकांना सगळ्यात जास्त झोंबायचा. दाजींनी विचारलं म्हणजे आता आपलं काही बरं नाही, असं वाटून माणसं घरी जाऊन नाडी बघायची.

मी फ्रेमवाला. चौकात दुकान आहे. लाकडी पट्ट्या कापायच्या, कोपरे जुळवायचे, लोकांची लग्नं, बाळं आणि गेलेली माणसं चौकटीत बसवायची, हा माझा उद्योग. दाजी मला “चौकटराव” म्हणायचे. त्यांचं जवळजवळ प्रत्येक चित्र माझ्या हातून फ्रेम होऊन गेलं, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा थोडा हक्क मला आहे. आणि थोडा राग आहे, तो अजून गेलेला नाही. तोही यात येईल.

दाजी निसर्गचित्रं काढायचे. शिकले मोठ्या शहरात. बरोबरचे सगळे तिकडेच राहिले, हे परत आले. सकाळी शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेला दिवस ईझल घेऊन भटकायचं. पायी जाऊन परत येता येईल एवढाच त्यांचा मुलूख, त्यापलीकडचं त्यांनी कधी काढलं नाही. आणि डोळ्यांसमोर असेल तेवढंच काढायचं. मनानं एक पानसुद्धा घालायचं नाही. कुंपणावर कावळा बसला असेल तर कावळा काढायचा. उडाला तर उडाला. सावली सरकली की ब्रश खाली, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा तिथंच. असं करत चित्र पुरं झालं, की ते काखेत मारून शेवटचं एकदा त्या जागी जायचं, चित्राकडे आणि जागेकडे आळीपाळीनं बघायचं, आणि तिथंच उभ्या उभ्या बारीक ब्रशानं उजव्या कोपऱ्यात सही करायची. सही म्हणजे, यात माझ्या पदरचं काही नाही. सही नसलेलं चित्र मी फ्रेम करायचं नाही, असा त्यांचा दंडक होता.

आधी लाकडी पूल गेला. दाजींनी तो उन्हाळ्यात काढला होता, पुढच्या पुरात वाहून गेला. तेव्हा सगळ्यांनी कौतुकच केलं. बरं झालं, निदान चित्र तरी राहिलं. मग बंद गिरणीचं धुराडं. दाजींची सही झाली आणि काही दिवसांत धुराड्याला तडा गेला, ते उतरवावं लागलं. मग चौकातलं मोठं झाड. रात्री वारा सुटला, सकाळी झाड आडवं. मी दुकान उघडून बघतो तर समोर आभाळच आभाळ.

त्या सकाळी शिंपी माझ्या दुकानात आला. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्याला सवय.

“तुझ्या दाजींचं एक बघितलंस का? काढलं की गेलं.”

तो थट्टेत बोलला होता, मीही हसलो. पण गंमत अशी की संध्याकाळपर्यंत हीच गोष्ट मला तीन माणसांनी येऊन सांगितली, आणि तिसरा हसत नव्हता.

मी लोकांना समजावून थकलो. अरे बाबांनो, दाजींना आवडतंच जुनं. नवीकोरी भिंत त्यांनी आयुष्यात कधी काढली नाही. भिंतीचे पोपडे निघालेले, खांब कललेला, कौलं खचलेली दिसली की त्यांचे पाय थबकतात. म्हणतात, इथं ऊन अडखळतं, बघायला मजा येते. आता पडायला आलेलंच काढणार, तर ते पडणारच की! यात नवल ते काय? लोक मान डोलवायचे, “खरंय, खरंय” म्हणायचे आणि घरी जाऊन खिडकी लावून घ्यायचे. भीती एकदा मनात बसली की तिला शहाणपण शिकवता येत नाही. नदीकाठचा घरमालक हात जोडून उभा राहिला, “साहेब, दुसरीकडे बघा.” एका बाईनं दाजींच्या नजरेसमोरून आपलं पोर उचलून आत नेलं आणि दार लावलं. आणि एक महाभाग तर माझ्या दुकानात येऊन हळू आवाजात विचारून गेला, की भावाच्या वाट्याला गेलेलं घर तेवढं दाजी काढतील का.

आणि मी, एवढा शहाणा? एके दिवशी दाजींनी चौकात ईझल उघडलं आणि तोंड केलं माझ्या दुकानाकडे. खोटं कशाला बोलू, हातातली करवत थांबली.

“दाजी, इकडून ऊन काही खास नाही हो,” मी म्हणालो. उन्हातलं मला काय कळतंय!

दाजींनी माझ्याकडे बघितलं, ईझल मिटलं आणि गेले.

तोवर भीती लोकांना होती, दाजींना नव्हती. त्यांना वाईट वाटायचं, पण रात्री झोप लागायची. ते बदललं बेकरीच्या चित्रानंतर.

बेकरीच्या मागच्या बाजूला वळणावर एक लांब, धुरानं काळवंडलेली भिंत होती. बेकरीवाला आठवडाभर परगावी गेला होता, खिडकी लावायला तो नव्हता, तेव्हा दाजींनी ती भिंत काढायला घेतली. भिंतीच्या टोकाला पायरी होती आणि पायरीवर बेकरीवाल्याची म्हातारी आई ऊन खात बसायची. ती तिथं होती, म्हणून दाजींनी ती काढली. चित्रात नखाएवढी. पांढरं डोकं, मांडीवर हात. म्हातारीला भारी आनंद झाला. बोळकं पसरून हसली आणि म्हणाली, “मला जरा जाड काढ.” दाजींनी काढली नाही; होती तेवढीच काढली. मग सही केली.

बेकरीवाला परतला त्या आठवड्यात म्हातारी गेली. वय झालेलं, दम्यानं गांजलेली, झोपेतच गेली. पण बेकरीवाला पिठाच्या हातांनी थेट ताईच्या घरात शिरला. मी तिथंच चहा पीत बसलो होतो.

“भिंत काढायची होती तर भिंत काढायची!” तो ओरडला. “माझ्या आईला कशाला घातलंत त्यात? काय बिघडवलं होतं तिनं तुमचं?”

दाजी उभे राहिले. त्यांना वाटलं तो मारेल, मलाही वाटलं. पण बेकरीवाला मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मारलं असतं तर बरं झालं असतं. ताईनं त्याला पाणी दिलं. दाजी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले होते. त्या दिवशी भीतीनं आमच्या घरात पाऊल टाकलं, ती नंतर बाहेर गेलीच नाही.

त्यानंतर दाजींच्या चित्रात माणूस आला नाही. आणि सहीही आली नाही. सहीची वेळ येऊच नये म्हणून ते चित्र पुरंच करेनासे झाले. सगळं अगदी बारकाव्यानं काढायचं आणि कुठंतरी तळहाताएवढी जागा कोरी सोडायची. कधी छपराचं टोक, कधी झाडाचा बुंधा. मी विचारलं तर आधी टाळाटाळ केली. मग एकदा तोंडातून निघून गेलं, “राहिलं असलं की ते उभं राहतं रे.”

“दाजी, तुम्हीसुद्धा?” मी म्हणालो. “शिंप्याच्या नादी लागलात?”

“मला पटत नाही,” ते म्हणाले. “पण भीती वाटते.”



अशी अर्धवट चित्रं घ्यायला कोण येणार? शहरातल्या प्रदर्शनात एकदा लागली, बिनफ्रेमचीच. तिथल्या एका समीक्षकानं पेपरात लिहिलं, की ही कोरी जागा म्हणजे आजच्या माणसाचं मौन आहे. ताई ते वाचून हसता हसता खोकायला लागली. “मौन कुठलं आलंय! घाबरट आहेत झालं,” म्हणाली. दाजी मात्र दोन दिवस जेवले नाहीत. आयुष्यभर जे दिसतं तेच काढणाऱ्या माणसाचं कौतुक झालं ते न काढलेल्याबद्दल. त्यानंतर त्यांनी शहरात चित्रं पाठवणं बंद केलं.

ताईबद्दल सांगायला हवं. ताई आम्हा भावंडांत धीट. लहानपणी अंधाऱ्या जिन्यात मी तिच्या फ्रॉकचं टोक धरून चढायचो. तिची एकच तक्रार होती. “सगळ्या गावाची पडकी घरं काढून झाली. आपल्या घराचं काय? आपलं काय कमी पडकं आहे?” दाजी हसून विषय बदलायचे. खरं तर ते घर दाजींना काढावंसं वाटणार नाही तर कुणाला? मागच्या अंगणात नळ, नळाखाली हिरवं झालेलं दगडाचं कुंड, कपडे वाळत घालायची तार, एका बाजूला खचलेलं छप्पर. आणि भिंतीशी ताईची वेताची खुर्ची. घरातलं आवरून झालं की ती तिथं बसायची, पाय समोरच्या पाटावर टाकून. तिला हाक मारायची तर लोक पुढच्या दाराला न येता मागूनच यायचे.

मग तिच्या पोटात गाठ निघाली.

डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून दाखवला. ऑपरेशन करू, म्हणाले, पुढचं पुढं. घरी आल्यावर ताई सरळ मागच्या अंगणात गेली, खुर्चीत बसली, पाय पाटावर टाकले आणि म्हणाली, “अहो, ईझल आणा.”

“आत्ता?”

“आत्ता ऊन आहे ना? आणा. हे अंगण काढा आणि मला त्यात बसवा. इतकी वर्षं टाळलंत, आता ऐकणार नाही.”

दाजी माझ्याकडे बघायला लागले, मी छपराकडे. बेकरीवाल्याचं रडणं आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं, तिथं कुणी रडत नसताना. पण ताईपुढे आमचं दोघांचं कधी काही चाललं नव्हतं. दाजींनी ईझल आणलं.

ऑपरेशनच्या दिवसापर्यंत रोज हेच. ताई निळा स्वेटर घालून बसायची, दाजी शाळेला रजा टाकून काढायचे, मी दुकान उघडायच्या आधी डोकावून जायचो. ताई बडबड करायची. कुंडाला शेवाळ नीट दाखवा, तारेवरचा तुमचा फाटका बनियन काढू नका, गावात शोभा होईल. दाजींनी तो चित्रात काढलाच. होता ना तिथं! चित्र असं उतरत होतं की मी दुकान उघडायचं विसरायचो. दाजींच्या हातून असं काम झालेलं मी पाहिलं नव्हतं. ओल्या दगडाला हात लावला तर गार लागेल, असं वाटावं.

आणि खुर्चीच्या जागी कोरा कॅनव्हास. नुसतं पांढरं, ताईच्या आकाराचं. डोकं, खांदे, पाटावर टाकलेले पाय. भोवतीनं सगळं रंगवलेलं आणि मधे ती नाही. मी दाजींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, बोलू नकोस म्हणून.

पण ताईला कोण थांबवणार? ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती उठली, ईझलला वळसा घालून आली आणि बघत उभी राहिली.

“मी कुठंय?”

“तू राहावीस म्हणून,” दाजी म्हणाले. “एवढं राहू दे गं. तू बरी होऊन ये. मग काढतो.”

मला वाटलं ती चिडेल किंवा हसेल. ती घाबरलेली होती. माझी धीट ताई, अंधारात पुढे चालणारी.

“हे बघितलं की मला वाटतं मी गेलेच आहे,” ती म्हणाली. “मी राहीन की नाही ते डॉक्टर बघेल. तुम्ही माझ्याकडे बघा. इतके दिवस माझ्या आजूबाजूला बघताय. आता माझ्याकडे बघा ना.”

ती परत जाऊन खुर्चीत बसली. दाजींनी पॅलेटवर निळा रंग काढला, त्यात थोडा पांढरा मिसळला, थोडा करडा. स्वेटरचा रंग हुबेहूब जमला. ब्रश भरून घेतला आणि कॅनव्हासजवळ नेला. तिथंच तो अडला. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, काढा दाजी. आणि लगेच म्हणत होतो, नका काढू. कोणतं जास्त म्हणत होतो ते मलाच सांगता येणार नाही. ऊन सरकलं. ताईच्या गुडघ्यावरची सावली स्वेटरवर चढली. दाजींनी ब्रश खाली ठेवला.

“परत आल्यावर,” ते म्हणाले.

ताईनं त्यांच्याकडे बघितलं. मग उठली, स्वेटरची बटणं नीट केली आणि म्हणाली, “बरं.” दवाखान्यात घेऊन जायला गाडी दारात आली होती.

ताई परत आली नाही. गाठ वाटली त्याहून खोल गेलेली होती.

त्यानंतर दाजींनी शाळा सोडली. अंगणात बसायचे. पॅलेटवरचा निळा रंग सुकून कडक झाला होता, तो खरवडू द्यायचे नाहीत. मी रोज जायचो. एकदा न राहवून म्हणालो, “दाजी, मनानं काढा. तुम्हाला तिचा चेहरा पाठ आहे.”

“आठवणीत ती हलते रे,” ते म्हणाले. “एका जागी बसत नाही. मला पाहिल्याशिवाय काढता येत नाही, माहिती आहे तुला.”

मग एके दिवशी ते दुकानात आले, काखेत चित्र. काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, “फ्रेम कर.”

चित्र पुरं झालेलं होतं. कोरी जागा कुठंच नव्हती. तिथं वेताची खुर्ची होती, रिकामी. बसून बसून खोलगट झालेली बैठक, एका हातावर सुटलेला वेत, खाली पाट. आणि उजव्या कोपऱ्यात, इतक्या वर्षांनी, सही.

माझं डोकं फिरलं. “हे काय केलंत? ताईला पुसून टाकलंत? तिला काढा म्हणून ती रोज तुमच्यापुढे बसली, आणि तुम्ही खुर्ची काढलीत?”

“जे दिसतं ते काढलं,” दाजी म्हणाले. “आता दुसरं काय दिसतं तिथं?” आणि मग अगदी शांतपणे म्हणाले, “सही केली आहे. आता घर पडेल. पडू दे. मी आतच असेन.”

तेव्हा रागाची जागा भीतीनं घेतली. हा माणूस घर अंगावर पडायची वाट बघत बसला होता. मी त्यांना माझ्याकडे राहायला बोलावलं, विनवण्या केल्या, भांडलो. ऐकले नाहीत. शिंप्यानं सहीबद्दल ऐकलं आणि त्या बाजूनं जाणंच सोडलं. वारा सुटला की मी दुकान तसंच टाकून पळायचो, भिंतींना हात लावून बघायचो, खचलेल्या छपराखाली टेकू देऊन यायचो. दाजी आत खाटेवर पडलेले असायचे, डोळे उघडे, छताकडे. पावसाळाभर माझा जीव मुठीत होता. एका वादळात शिंप्याचा पत्रा उडाला, बेकरीची भिंत खचली, नदीकाठी दोन घरं बसली. दाजींच्या घरी पोचलो तेव्हा मला वाटलं, संपलं. ते दारात उभे होते, कोरडे.

मग थंडी आली. मग ऊन आलं.

परवा सकाळी मी एक कोपरा जुळवत होतो, गोंद ओला होता, दोन्ही हात गुंतलेले. दाजी आले आणि पट्ट्यांच्या ढिगाशी उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. फार म्हातारे दिसत होते.

“चौकटराव,” ते म्हणाले, “घर उभं आहे.”

“हो दाजी. चांगलं आहे ना!”

“सही करून वर्ष होत आलं. एक कौल हललं नाही.”

मी हसणार होतो. मग त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या हातातला कोपरा सुटला.

“म्हणजे तिला काढलं असतं तरी चाललं असतं रे,” दाजी म्हणाले. “ती समोर बसली होती.”